लेकीच्या पाळण्यातल्या नावाचा पासवर्ड

आमच्या घरचा कॉम्प्युटर आजारी पडला तो लेकीच्या लग्नाच्या बायोडेटामुळे. खरं सांगायचं तर मीच पाडला. पत्रिका फुकट काढून देणारं काहीतरी मला सापडलं, 'हो, हो, पुढे, मान्य' करत मी ते उतरवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर बायकांचे दागिने, वजन कमी करायची चूर्णं आणि 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशा लाल पाट्या उघडायला लागल्या. एक बंद करावी तर दोन हजर. पंख्याचा आवाज असा, की आत कुणी पिठाची गिरणी टाकली असावी.

मी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. नाव काय, गाव कोणतं, काय होतंय, किती दिवसांपासून, हे विचारण्यात माझा अर्धा जन्म गेला. कुठकुठून लोक येतात आणि दुखणं हाताबाहेर गेल्यावर येतात, म्हणून मी त्यांच्यावर खेकसतेसुद्धा. "इतके दिवस काय करून राहिले होते?" हे माझं ठरलेलं वाक्य. आणि घरच्या कॉम्प्युटरवर लाल पाट्या आल्या तेव्हा मी महिनाभर काय केलं? पाट्या बंद करत बसले.

शेवटी लेकीला पुण्याला फोन लावला. तिची नोकरीच कॉम्प्युटरची. सुट्टीत आली की गल्लीतल्या निम्म्या घरांचे कॉम्प्युटर ती नीट करून देते, समोरच्या काकूंचा तर चहा-पोहे खात दोन तास बसून. आमच्याला मात्र हात लावत नाही. पुण्याला गेल्यापासून एकदाही त्या खुर्चीवर बसली नाही. मला वाटायचं, घरचं काम म्हणून अंगचोरपणा करते, आणि मी तसं तिला तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

"फोनवरून सांग न वं, कुठं काय दाबू ते," मी म्हटलं.

"दुकानात दे आई," ती म्हणाली. "नाहीतर टाकून दे. खूप जुना झालाय तो."

आमच्या सक्करदऱ्यात टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ घरी येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. एका रविवारी सकाळी ते आले. माझे यजमान वणीकडच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला आहेत, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. त्या रविवारी ते आले नव्हते, आणि आता वाटतं, बरंच झालं.

भाऊंनी आल्याआल्या इंटरनेटची वायर उपटली. "पहिले बाहेरचं येणं-जाणं बंद," ते म्हणाले. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, अशा पद्धतीनं, की फक्त गरजेपुरतंच चालू होईल आणि बाकी फुकटे पाहुणे झोपून राहतील. ते हसून म्हणाले, "किती दिवसांपासून आहे हा त्रास?" माझा प्रश्न माझ्यावरच आला. मी म्हटलं, महिना झाला. "मंग इतके दिवस काय करून राहिले होते, मॅडम?" मला हसू आलं. ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसू.

आत काय काय टाकलेलं आहे याची यादी त्यांनी उघडली. माझी पत्रिका निघाली. तिच्या पदराला धरून आलेलं, दुकानांच्या जाहिराती दाखवणारं काहीतरी निघालं. 'तुमचा संगणक वेगवान करा' म्हणणारं एक निघालं, तेही मीच घेतलं होतं, लाल पाट्यांना घाबरून. "हेच तर खरं चोर आहे," भाऊ म्हणाले. ती सगळी काढून झाल्यावर त्यांनी तपासणीचा प्रोग्राम लावला आणि आम्ही चहा घेत बसलो. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

पट्टी संपली तशी एक यादी आली. भाऊंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि यादी पुन्हा एकदा वरून वाचली.

"हे तीन-चार आहेत न, हे बाहेरून आलेले. हे एक मात्र बाहेरून नाही आलं जी. हे कोणीतरी इथं, या खुर्चीवर बसून टाकलं. लपवून. कोणी काय टाइप करते ते सगळं लिहून ठेवते हे. लय वर्षांचं दिसते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "घरचंच काम दिसते कोणाचं तरी."

माझ्या हातातल्या कपातल्या चहावर साय धरली होती, मी तिच्याकडे पाहत राहिले. मी ते विसरले होते. शपथेवर सांगते, पूर्ण विसरले होते, जसं एखाद्या मांजराला कोठीत कोंडून गावाला निघून जावं तसं.

"थोडा वेळ राहू द्या," मी म्हटलं. "मला आधी पाहायचं आहे."

भाऊ समजदार माणूस. "मी बाहेर ओट्यावर बसतो. झालं की आवाज द्याजो," म्हणाले आणि पेपर घेऊन बाहेर गेले.

लेक बारावीत होती तेव्हाची गोष्ट. हे खाणीवर, मी दिवसभर काउंटरवर, आणि ती घरी एकटी, समोर कॉम्प्युटर. अभ्यासासाठीच घेतला होता आम्ही. मला भीती होती. कशाची, ते नीट सांगता आलं नसतं. आमच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाजवळ मी बोलले, तर तो म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट टाकून देतो. लेकीले पत्ताच नाही लागणार." तो आला, पाच मिनिटांत टाकून गेला. जाताना म्हणाला, असा पासवर्ड ठेवा जो कोणाले सुचणार नाही.

मी तिचं पाळण्यातलं नाव ठेवलं.

आमच्याकडे बारशाला राशीवरून निघालेलं एक नाव बाळाच्या कानात सांगतात. हाक मारायचं नाव वेगळं. कानातलं नाव कुणापुढे उच्चारायचं नाही, नाहीतर बाळाला नजर लागते, असं माझ्या सासूबाईंनी मला बजावलं होतं. त्या गेल्या. यजमानांना ते नाव आठवतही नाही. लेक दहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला पलंगावर जवळ घेऊन तिच्या कानात सांगितलं होतं, "हे तुझं-माझं गुपित." ती लाजली, मग दिवसभर माझ्या मागेमागे फिरत होती, मधूनच माझ्या कानाशी येऊन ते नाव सांगायची आणि पळायची. जगात ते नाव दोघींनाच माहीत. ज्या नावानं तिला नजरेपासून वाचवायचं, तेच मी तिच्यावर नजर ठेवायला वापरलं, आणि तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं.

ड्युटीवरून आले की ती क्लासला गेलेली असायची. मी चप्पल काढून थेट कॉम्प्युटरपुढे बसायचे. कुकर लावायच्या आधी मी माझ्या पोरीला वाचायचे. तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, दोन गल्ल्या सोडून राहणारी, पहिलीपासूनची. दोघींचं दिवसभर गुटर्गू चालायचं. 'आमची जेलर ड्युटीवर गेली, ये लवकर.' 'आई लय किटकिट करून राहिली यार.' मराठी, हिंदी सगळं एकात एक कालवलेलं, ना धड वाक्य ना पूर्णविराम. वाचताना राग यायचा आणि हसूही यायचं. आज सांगते, त्या वाचण्याची मला चटक लागली होती. ती मला जेवढं सांगायची त्याच्या दसपट मला माहीत असायचं, आणि मी स्वतःला चांगली आई समजत होते.

एक दिवस वाचलं की दोघी क्लास बुडवून क्लासमधल्या एका मुलाबरोबर फुटाळा तलावावर गेल्या होत्या. तर्री-पोहे खाल्ले आणि परत आल्या, एवढंच. पण माझं डोकं फिरलं. ती घरी आल्याबरोबर मी तिला धारेवर धरलं. तिचं तोंड उतरलं. मग तिनं विचारलं, "तुले कोणी सांगितलं?"

काय सांगणार होते मी? माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या मैत्रिणीनंच सांगितलं."

इतकं सहज निघालं, की मला वाटतं, ते आधीपासून जिभेवर तयारच असावं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी रेकॉर्डमध्ये वाचलं. माझ्या लेकीनं त्या मुलीला नाही नाही ते लिहिलं. चुगलखोर म्हटलं. तिची पुस्तकं, तिनं दिलेली पर्स, सगळं पिशवीत भरून तिच्या दारात ठेवून आली. संध्याकाळी ती मुलगी आमच्या फाटकाशी आली. रडून रडून डोळे सुजलेले. लेक क्लासला गेली होती, मी एकटीच होते.

"काकू, मी नाही जी काही सांगितलं. तुम्हीच सांगा न तिले. मी तुमच्याशी बोललीच नाही."

तिला माहीत होतं. मी खोटं बोलले हे त्या पोरीला नक्की माहीत होतं, कारण ती माझ्याशी बोललीच नव्हती. तरी ती माझ्याशी भांडायला आली नव्हती, मदत मागायला आली होती. मी फाटकसुद्धा उघडलं नाही. "जाऊ दे बाई, परीक्षा तोंडावर आहे. अभ्यास कर आपला," असं म्हणून मी आत वळले. ती थोडा वेळ तिथंच उभी असलेली मला खिडकीतून दिसत होती. नंतर तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते लोक नागपूर सोडून गेले. आजवर पेशंटच्या कितीतरी नातेवाइकांना मी रडताना पाहिलं असेल, पण डोळ्यांपुढून जात नाही ती एवढी एकच.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या लेकीत फरक पडला. शांत झाली. उलट उत्तर नाही, किटकिट नाही. लिहिण्यातही फरक. आता ती कुणाशी गप्पा मारत नव्हती, एक वहीसारखं पान उघडून त्यात रोज चार ओळी लिहायची. स्वच्छ, पुस्तकी मराठी, पूर्णविरामासकट. 'आज भौतिकशास्त्राचे तीन धडे झाले.' 'वेळ वाया घालवायचा नाही असं मी ठरवलं आहे.' आणि एक दिवस, 'आई खूप करते सगळ्यांसाठी. मला लवकर मोठं व्हायला हवं.'

ते वाचून मी कॉम्प्युटरपुढे ढसाढसा रडले होते. पदर तोंडाला लावून, सुखानं. दवाखान्यात सोबतच्या सिस्टरला सांगितलं, यांना फोनवर सांगितलं, अर्थात पोरीनं तोंडानं सांगितल्यासारखं करून. ते वाक्य मला पाठ झालं. पुढे कितीतरी वर्षं जीव थकला, कुणी टाकून बोललं, की मी ते मनात म्हणायचे. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल त्याहून चांगलं कुणी काही म्हटलेलं नाही.

त्याच दिवसांत एकदा तिनं लिहिलं होतं, 'आईनं मला एकदा विचारावं असं वाटतं. काहीही चालेल, पण विचारावं.' वाढदिवस जवळ आला होता. मला वाटलं, तिला काय हवं ते मी विचारावं अशी तिची इच्छा आहे. मी विचारलं नाही. गंमत करायची म्हणून इतवारीच्या बाजारात जाऊन गुलाबी रंगाचा छान ड्रेस घेऊन आले. तिनं तो हातात घेतला, "छान आहे," म्हणाली. पुण्याला जाताना नेला नाही. अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

तर त्या रविवारी मी ते बंद पडलेलं दार पुन्हा उघडलं. पासवर्ड मागितला, बोटांनी आपोआप दिला. आत सगळं जसंच्या तसं होतं. लेक गेल्यानंतरही ते बिचारं इमानेइतबारे लिहीतच राहिलं होतं, आणि घरात टाइप करणारी मी एकटीच, म्हणून माझंच लिहीत राहिलं होतं. गुडघेदुखीवर घरगुती उपाय. पुण्याचं हवामान. 'मुलगी फोनवर कमी बोलते काय करावे.' हे मी कधी शोधलं होतं, मला आठवतसुद्धा नव्हतं.

त्याच्या एका कोपऱ्यात आणखी एक यादी होती, जी मी तेव्हा कधी उघडूनच पाहिली नव्हती. हा प्रोग्राम कधी कधी उघडला गेला, त्याची. सगळ्या वेळा संध्याकाळच्या, साडेपाच, पावणेसहा, माझ्या चपला काढायच्या वेळेच्या. मी खाली खाली जात होते. एके ठिकाणी सकाळचे सव्वाअकरा होते.

सव्वाअकराला मी काउंटरवर असते. हे वणीला. घरी कोण होतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या वेळेच्या वर तीन नोंदी होत्या, चुकीच्या पासवर्डच्या. चौथ्यांदा दार उघडलं होतं. मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं. तिला काहीतरी सापडलं असेल. कुणाचं आहे हे कळलं नसेल, बाहेरचं कुणीतरी असेल असंच वाटलं असेल. आधी तिनं काय घातलं असेल? वडिलांचं नाव? घराचा नंबर? माझा वाढदिवस? मग ती थांबली असेल. आणि मग तिनं ते नाव लिहून पाहिलं असेल, जे जगात दोघींनाच माहीत होतं. माझा अंदाज आहे, ते चुकीचं निघावं अशी तिची फार इच्छा असणार.

आत गेल्यावर तिनं सगळं वाचलं असणार. मी काय काय वाचलं ते. मैत्रिणीनं काही सांगितलं नव्हतं, तेही तेव्हाच कळलं असणार.

मी त्या सकाळची तारीख पाहिली. मग 'आई खूप करते' या वाक्याची तारीख शोधली. ते चार दिवसांनंतरचं होतं. सगळीच स्वच्छ, शहाणी वाक्यं त्या सकाळनंतरची होती. 'एकदा विचारावं' हेही. माझ्या पोरीला माहीत होतं की मी वाचते. ती रोज दुपारी बसून मला आवडेल असं लिहीत होती, जसं पेशंट डॉक्टरला म्हणतो, बरं वाटतंय आता. त्यात एकदाच तिनं मला खरंखुरं काहीतरी मागितलं होतं, आणि मी तिला ड्रेस आणून दिला होता.

भाऊंनी दारातून विचारलं, "झालं का जी?" मी म्हटलं, काढा.

ते काढायलाही पासवर्ड लागला. मी लिहिताना भाऊंनी तोंड फिरवून घेतलं. त्यांनी आधी ते चालायचं थांबवलं, मग उपटलं, कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर उठणाऱ्या गोष्टींच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. मग विचारलं, "याचं जुनं लिहिलेलं आहे, ते ठेवाचं की पुसाचं?"

ते एक वाक्य होतं त्यात. मला ते हवं होतं. लाज वाटते सांगायला, पण सगळं कळल्यावरही मला ते हवं होतं. मी म्हटलं, "पुसा." त्यांनी पुसलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, पुन्हा तपासणी लावली. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली आणि यादी रिकामी आली. "साफ झाला," भाऊ म्हणाले. "आता सगळे पासवर्ड बदला. मोबाइलवरून बदला, आणि आजच्या आज." पंख्याचा आवाज थांबला होता. घर एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं आणि मला ते सहन होईना.

दुपारी मी लेकीला फोन केला. रविवारी ती दुपारी उचलते.

"कॉम्प्युटर साफ झाला," मी म्हटलं.

"अरे वा, छान."

"त्यात एक होतं. मी टाकलेलं."

तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं. "काहून बोलली नाही वं मले? तेव्हाच भांडली असती, माझं डोकं फोडलं असतं."

"आई, किती जुनं झालं ते."

"तुझी मैत्रीण खरं बोलत होती. तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलली."

"मला माहीत आहे, आई," ती म्हणाली. 'मला' म्हणाली, 'मले' नाही. माझ्याशी ती किती वर्षांपासून अशी बोलते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, पुण्याची हवा लागली. पण परवा सुट्टीत समोरच्या काकूंशी बोलताना ती खळखळून म्हणाली होती, "मले लय भूक लागून राहिली जी काकू," हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मला रडू आवरेना. "तिच्याशी बोललीस नंतर?"

"प्रयत्न केला होता. जाऊ दे ना."

मग मी विचारलं. जे तेव्हा विचारायला हवं होतं, ते इतक्या वर्षांनी विचारलं. "तू कशी आहेस? खरं सांग. काही दुखतं-खुपतं का तुले? कोणी आहे का जवळ? काहीही सांग. मी रागावत नाही. मी कोणाले सांगत नाही."

मी फोन कानाला इतका दाबला होता, की कान दुखायला लागला. मला वाटलं, आता सांगेल. श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

"मी छान आहे, आई. नोकरी छान चालू आहे, जेवण वेळेवर होतं. तू काळजी करू नकोस," ती म्हणाली. एकेक वाक्य स्वच्छ, पूर्णविरामासकट. आणि मग, अगदी मायेनं, "तू खूप करतेस सगळ्यांसाठी."